इंजिनाला खोबरेल

मराठी भाषेत साठवून ठेवलेलं समस्त ज्ञान आज सुखरूप असेल, तर त्याचं श्रेय सिंगापूरच्या वुडलँड्समध्ये, अकराव्या मजल्यावरच्या एका सरकारी फ्लॅटात, हाफ पँट आणि जाळीदार बनियन घालून बसलेल्या एका गृहस्थांना आहे, हे मी कुणाहीपुढे छातीठोकपणे सांगायला तयार आहे. विद्यापीठं, साहित्य संस्था, शब्दकोशांच्या समित्या वगैरे सगळे आपापल्या जागी थोर असतील. पण सह्याद्रीची उंची कुणी रातोरात वाढवली, एखाद्या संतांच्या जन्मगावी कुणी आपल्या मित्राच्या मोबाईल दुकानाची जाहिरात चिकटवली, तर ती खरवडून काढायला चहाचा कप खाली ठेवून धावतो कोण? आमचे चीफ!

चीफ म्हणजे बोटीवरचे चीफ इंजिनिअर. त्यांचं खरं नाव असणारच, पण ते मी कधी ऐकलं नाही. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांचा उल्लेख ‘आमचे चीफ’ असाच करायच्या आणि लिफ्टमध्ये भेटणारी शेजारची चिनी आंटीसुद्धा ‘मॉर्निंग, चीफ’ म्हणायची. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर भाड्याने राहायचो. माझं ऑफिस चांगी बिझनेस पार्कात, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. पण परवडणारं भाडं वुडलँड्सला होतं, आणि वर काकूंचं थालीपीठ होतं. त्यामुळे रोजच्या लांबलचक प्रवासाबद्दल मी कधी कुरकुर केली नाही. चीफना मूलबाळ एकच, मुलगी, ती ऑस्ट्रेलियात. उभं आयुष्य इंजिनांच्या धडधडीत काढल्यामुळे त्यांचे कान गेले, ते वैद्यकीय तपासणीत नापास झाले आणि एके दिवशी बोट त्यांना किनाऱ्यावर ठेवून निघून गेली. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांची कुजबूजसुद्धा इंजिनरूमच्या मापाची असे. एकदा देवळात त्यांनी माझ्या कानाशी लागून ‘भटजी आज घाईत दिसतायत’ असं हळूच म्हटल्यावर भटजींनी पूजा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती.

रिकाम्या झालेल्या या माणसाला इंटरनेटवर तो मराठी ज्ञानकोश सापडला. हा ज्ञानकोश कुणा एकाचा नाही. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करावं. आणि कुणीही यावं म्हटलं की कुणीही येतंच! कुणी अख्खं पान पुसून टाकतं, कुणी शिव्या लिहितं, कुणी आपल्या मेव्हण्याला मराठा साम्राज्याचा सेनापती करून टाकतं. त्याला तिथे ‘उत्पात’ म्हणतात. असा उत्पात निस्तरायला ज्ञानकोशाचे प्रचालक, म्हणजे तिथले कारभारी, काही विश्वासू माणसांना गस्तीचे हक्क देतात. चीफना ते मिळाले त्या दिवशी काकूंनी श्रीखंड केलं होतं, आणि चीफनी ते दोन वाट्या खाऊन लगेच ‘वॉचवर जातो’ म्हणून जाहीर केलं.

वॉच म्हणजे बोटीवरचा पहारा, आणि चीफचा पहारा बघण्यासारखा असे. बसण्याआधी ते लॅपटॉपच्या पाठीवर उलटा तळहात ठेवून तो तापलाय का ते पाहत. खांद्यावर एक फडकं. ते कशासाठी, हे विचारायची सोय नव्हती. मग ज्ञानकोशातले ताजे बदल ते वरपासून खालपर्यंत नजरेखालून घालत. मध्येच त्यांची मान ताठ व्हायची, नाकपुड्या फुलायच्या आणि ‘गळती!’ अशी आरोळी उठायची. की खालच्या मजल्यावर मला कळायचं, कुणीतरी गोदावरी अरबी समुद्राला मिळवली. त्यांचं तत्त्व एकच होतं: “आधी गळती बंद कर, चौकशी मागाहून.” पान क्षणात पूर्ववत व्हायचं. मग उत्पात करणाऱ्याला ते एक निरोप धाडत: ‘आपला प्रयोग यशस्वी झाला आहे. पान पूर्ववत केले आहे. चहाला या.’ चहाला कुठे यायचं ते लिहिलेलं नसे, पण निरोप अगदी मनापासून असे.

आणि लोक खरंच यायचे! एका किल्ल्याच्या पानावर कुणी पठ्ठ्याने आपलं आणि आपल्या मैत्रिणीचं नाव घातलं होतं. मी म्हटलं, “चीफ, सरळ हाकलून द्या त्याला.” “अरे, किल्ल्यावर कोळशाने लिहिण्यापेक्षा हे बरं नाही का? पुसलं की डाग राहत नाही,” असं म्हणून त्यांनी त्याला विचारलं, की किल्ल्यावर जाऊन आलातच आहात तर तिथल्या टाक्यांना उन्हाळ्यात पाणी असतं का ते सांगा. पोरगा आधी चिडला, मग चक्रावला, मग चक्क दुसऱ्यांदा किल्ला चढून पाण्याची माहिती घेऊन आला. आता तो आपल्या तालुक्यातल्या पक्ष्यांवर लिहितो. मैत्रिणीचं पुढे काय झालं ते चीफनी विचारलं नाही.

पण चीफचा सगळ्यात आवडता किस्सा बोटीवरच्या एका रिवाजाचा होता. आल्यागेल्या प्रत्येकाला तो ऐकावाच लागे. पहाऱ्यावरच्या ज्युनिअरचे डोळे नुसते उघडे आहेत की माणूस खरोखर जागा आहे, हे ओळखायचं कसं? तर चीफने मुद्दाम एखादा व्हॉल्व्ह पाव फेरा सैल करायचा, काही धोका होणार नाही असा बेताचा, आणि वर जाऊन निवांत चहा पीत बसायचं. ज्युनिअर जागा असला तर तो हुडकून काढतो. “आणि सापडला की मुकाट्याने घट्ट करायचा,” चीफ बोट उगारून सांगत, “कुणी सैल केला, असं विचारायचं नाही! तो इंजिनरूमचा शिष्टाचार.” हा प्रयोग त्यांनी एकदा स्वयंपाकघरात हळदीचा आणि हिंगाचा डबा अदलाबदल करूनही पाहिला. काकूंनी न बघता डबे जागच्या जागी ठेवले आणि म्हणाल्या, “मी तुमची ज्युनिअर नाही.”

असं सगळं झकास चाललेलं असताना ज्ञानकोशावर एक स्वयंचलित पहारेकरी आला. संगणकाचा प्रोग्राम तो. शिवी दिसली, पान पुसलं गेलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं दुरुस्त! चीफ लॅपटॉप उघडून बसत, तर गळती आधीच बंद झालेली. चार-आठ दिवसांत त्यांची रयाच गेली. आधी त्यांनी घरभर गस्त घातली, नळ, फ्रिज, गॅसची नळी. मग लिफ्टच्या आवाजाबद्दल तक्रार केली. मग हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातल्या, नूडलवाल्या अंकलला, तुझ्या शेगडीची ज्योत पिवळी पडतेय, हवा कमी येतेय, असं जाऊन सांगितलं. त्या अंकलने त्यांना फुकट कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पाजली, पण शेगडीला हात लावू दिला नाही. शेवटी शेवटी ते समुद्राकाठच्या वॉटरफ्रंटला जाऊन पलीकडे मलेशियातल्या जोहोरकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग बघत नुसते बसून राहायला लागले. काकू गॅलरीत उभ्या राहून त्यांची वाट बघायच्या. मला ते बघवत नसे.

आणि एका दुपारी, मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना, माझा फोन वाजला. कानापासून हातभर लांब धरूनही अख्ख्या खोलीला ऐकू आलं: “आला रे, आला! खोबरेल आला!”

झालं होतं असं, की डिझेल इंजिनाच्या पानावर कुणीतरी शांतपणे एक वाक्य घालून ठेवलं होतं: ‘या इंजिनात महिन्यातून एकदा खोबरेल तेल घालावे, म्हणजे ते काळेभोर राहते.’ शिवी नाही, आरडाओरडा नाही, शुद्ध सात्त्विक मराठी! स्वयंचलित पहारेकऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसलं ते चीफना. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

मग रोज दुपारी खोबरेलची (चीफनी त्या अनामिकाचं नावच तसं ठेवलं होतं) स्वारी यायची. बोटीच्या नांगराच्या पानावर: ‘हा रविवारी घासून उन्हात वाळवावा.’ बॉयलरच्या पानावर: ‘तीन शिट्ट्या झाल्यावर आच बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी.’ दीपगृहाच्या पानावर: ‘येथे दिवेलागणीला कुणी झोपू नये.’ चीफ एकेक वाक्य मला खणखणीत आवाजात वाचून दाखवत आणि मांडीवर थाप मारत. “काय बेरकी माणूस आहे! कुठे सैल करायचं ते बरोब्बर कळतं याला! आणि बघ, धोका होईल असं एकदाही काही केलेलं नाही.” काकू आतून म्हणायच्या, “पुरे झालं कौतुक त्या मेल्याचं, चहा निवतोय.” चीफच्या चेहऱ्यावर पुन्हा बोटीवरच्या फोटोतलं तेज आलं होतं, आणि मलाही ऑफिसात बसून दुपारची वाट बघायची सवय लागली होती.

ज्ञानकोशात खातं न उघडता काही लिहिलं, की नावाच्या जागी लिहिणाऱ्याच्या इंटरनेटचा आकडी पत्ता उमटतो. मी आयटीवाला, त्यामुळे तो तपासायचं काम माझ्याकडे आलं. पत्ता निघाला सिंगापूरचा! चीफ खुर्चीतून उठलेच. “आपल्याच बेटावर! मराठी येतं, बोटीतलं कळतं, आणि माझ्यावर डूख धरून आहे. माझा जुना सेकंड इंजिनिअर!” हे गृहस्थ आता जुरोंग ईस्टच्या एका ऑफिसात बोटींच्या विम्याचं काम बघत होते. फार पूर्वी चीफनी त्यांना एका सैल व्हॉल्व्हपायी महिनाभर बोटीचा तळ साफ करायला लावला होता, एवढा पुरावा चीफना पुरेसा वाटला. आम्ही शनिवारी मोहिमेवर निघालो. इतक्या घाईत, की दारातून काकू “अहो, छत्री!” म्हणून ओरडल्या ते चीफना ऐकू आलं नाही, आणि मला आलं तरी मी लिफ्ट धरून उभा होतो.

जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये ते सेकंड साहेब आम्हाला आनंदाने भेटले. मिठी काय मारली, कोपी काय मागवली! चीफ मात्र गुप्तहेराच्या थाटात. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्यांनी एकदम सवाल टाकला, “बाय द वे, तुम्ही डोक्याला तेल कोणतं लावता?” सेकंड साहेबांनी आपल्या तुळतुळीत टकलावरून सावकाश हात फिरवला. “चीफ, लावायला जागा भरपूर आहे, कारण काही उरलेलं नाही.” मी कोपीच्या कपात तोंड लपवलं. तेवढ्यात सूचना येऊन चीफचा फोन थरथरला. खोबरेल पुन्हा आला होता, आणि संशयित तर आमच्या समोर बसून फिशबॉल खात होता! चीफनी वाचलं. मीही डोकावलो. होकायंत्राच्या पानावर नवं वाक्य होतं: ‘जवळ होकायंत्र असले तरी घराबाहेर पडताना छत्री घ्यावी.’

बाहेर धो धो पाऊस लागला होता. चीफनी एकदा पावसाकडे बघितलं, एकदा फोनकडे. मग त्यांनी वाक्य काढून टाकलं आणि फोन खिशात ठेवला. परतीच्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, त्यांनी ताजे बदल एकदाही उघडले नाहीत. मला वाटलं, मोहीम फसली म्हणून खट्टू झालेत. वुडलँड्सला उतरल्यावर, भिजलेल्या कपड्यांनिशी, ते एका दुकानात शिरले आणि खोबरेल तेलाची मोठी बाटली घेऊन बाहेर आले. “पुरावा?” मी विचारलं. “घरातलं संपत आलंय,” ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात घात झाला. ज्ञानकोशावर चर्चेसाठी एक चावडी असते. तिथे नागपूरच्या एका प्रचालकबाईंनी अत्यंत सभ्य शब्दांत लिहिलं, की हा उत्पात सिंगापूरहून होतो, चीफही सिंगापूरला असतात, आणि दर वेळी तो चीफच काही क्षणांत दुरुस्त करतात. हा योगायोग समजावा काय? खाली इतरांनी री ओढली. कुणी म्हणालं, शाबासकीसाठी स्वतःच आग लावून स्वतःच विझवणारी माणसं असतात. चीफनी आठवडाभरात खुलासा करावा, नाहीतर गस्तीचे हक्क काढून घेण्यात येतील. मी संतापाने लाल झालो. ज्या माणसाने बोटीच्या नोंदवहीत कधी एक खोटी ओळ लिहिली नाही, त्याला खोटारडा म्हणायचं? आणि तो पहारा गेला तर चीफ पुन्हा त्या ट्रकांच्या रांगेपुढे जाऊन बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी ठरवलं, खोबरेलला पकडून चावडीवर उभा करायचाच!

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन वर गेलो. चीफ आतल्या खोलीत पहाऱ्यावर होते. मी त्यांच्या वायफायला जोडून घेतलं, आणि सहज म्हणून आधी आपलाच पत्ता तपासला. आकडे ओळखीचे वाटले. पुन्हा पाहिले. मान वर केली तर काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पिठाचे हात, आणि मागे ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेला टॅब्लेट.

“कळलं ना तुला?” त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्या पुढे म्हणाल्या, “अरे, कसे बसायचे ते त्या ट्रकांपुढे जाऊन, पाहिलंयस ना तू. तो संगणकाचा पहारेकरी आला आणि यांचं कामच गेलं. एकदा बोटीवरून उतरवलं, आता इथूनही उतरवलं. मग मला त्यांचाच किस्सा आठवला. म्हटलं, आपणच करावा एखादा व्हॉल्व्ह सैल. अगदी पाव फेरा. कुणाचं वाईट होणार नाही असा.” त्यांचे डोळे भरून आले. “आता त्यांच्याच नावाला बट्टा लागला रे माझ्यापायी. तू लिही त्या चावडीवर, मी सांगते तसं. म्हणावं, म्हातारीने केलं.”

मी चावडी उघडली. तिथे चीफचा खुलासा आधीच झळकत होता.

‘हा उत्पात माझ्या घरच्या इंटरनेटवरून झाला आहे. इंजिनरूममध्ये जे घडते त्याची जबाबदारी चीफची असते. माझे गस्तीचे हक्क काढून घ्यावेत. कोणतेही पान बिघडलेले राहिलेले नाही, ते मी तपासले आहे. सर्वांनी चहाला यावे.’

तेवढ्यात आतून चीफनी मला हाक मारली. मी गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं, मला जवळ बसवलं, तोंडाला हात लावला आणि आपल्या मते अत्यंत हळू आवाजात म्हणाले, “तिला कळू देऊ नकोस हं, मला माहीत आहे ते! त्या छत्रीच्या दिवशीच कळलं. अरे, तिला वाटतं मी शोधतोय. वाटू दे. एवढं मन लावून कुणी आपल्यासाठी व्हॉल्व्ह सैल करतं का रे? हक्क गेले तर गेले! कुणी सैल केला, असं विचारायचं नसतं!”

भिंती हादरल्या. शेजारच्या आंटीने दार उघडून “चीफ, यू ओके अह? व्हाय शाउट लाह?” असं विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.  मग स्वयंपाकघरात नळ सुटला, बराच वेळ चालू राहिला, बंद झाला, आणि काकू चहाचे कप घेऊन आत आल्या. नाक लाल होतं. “आलं जास्त पडलंय,” त्या म्हणाल्या. चीफनी चहा घेतला आणि मला डोळा मारला, तिला काही कळलं नाही, अशा अर्थाचा. मी कपात बघत बसलो. इतका गोड चहा मी त्या घरात कधी प्यायलो नव्हतो; साखर घालताना काकूंचं लक्ष नसणार.

हक्क गेले. पण त्या ज्ञानकोशाची गंमत अशी, की तिथे दुरुस्ती करायला हक्क लागत नाहीत; कुणीही करू शकतं. दुसऱ्या दिवशी चीफ फडकं खांद्यावर टाकून पुन्हा बसले, साध्या ज्युनिअरसारखे. शेजारी दुसरी खुर्ची आली. खोबरेलची स्वारी त्यानंतर कधी आली नाही. तिच्या जागी काकूंनी रीतसर खातं उघडलं आणि सांडग्यांवर, कुरडयांवर, घडीच्या पोळीवर अशी पानं लिहायला घेतली, की नागपूरच्या त्या प्रचालकबाईंनी स्वतःहून प्रशंसेचा निरोप पाठवला. काकूंनी त्यांना चहाला बोलावलं.

पुढे माझा तिथे नोकरी करण्याचा पास संपला, ऑफिसने तो वाढवला नाही आणि मी पुण्याला परत आलो. निघताना चीफ विमानतळावर आले होते. त्यांनी माझ्या सुटकेसच्या चाकांना हात लावून पाहिला आणि काकूंनी माझ्या पिशवीत छत्री कोंबली. फोन करतो म्हटलं खरं, पण चीफना आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. काकूच दोन वाक्यं बोलतात, बरे आहेत म्हणतात, हल्ली दुपारी फार झोप लागते म्हणतात. पुण्यात माझी छत्री दाराशी टांगलेली असते. मला त्या अकराव्या मजल्याची इतकी आठवण येते, की कधीकधी ऑफिसात हातातलं काम तसंच राहतं.

परवा दुपारी राहवलं नाही. खातं न उघडता ज्ञानकोशात शिरलो, होकायंत्राचं पान काढलं आणि शेवटी एक ओळ घातली: ‘हे यंत्र नेहमी वुडलँड्सची दिशा दाखवते.’ मग चहा घेऊन बसलो. चहा अर्धाही झाला नसेल, ओळ गायब झाली होती. माझ्या त्या आकडी पत्त्यावर निरोप आला होता, पण चीफच्या खात्यावरून नव्हे.

‘तुझा प्रयोग यशस्वी झाला आहे. पान पूर्ववत केले आहे. चीफ झोपले आहेत, पहारा सध्या माझ्याकडे आहे. उठले की सांगेन. चहाला ये.’